नोंद ९ : सबवूफरची घूं आणि विहिरीवरचा पंप

घरच्या थिएटरसाठी वेगळे, ‘स्वच्छ’ अर्थिंग केले की विजेकडचे काम संपले, असे मी मागच्या नोंदीत मोठ्या आत्मविश्वासाने लिहिले होते. ते विधान मागे घेतो. अर्थिंगचा नवा खड्डा भरून जोडणी केली त्याच संध्याकाळी सबवूफरमधून, म्हणजे खर्जाच्या स्पीकरमधून, अशी घूं सुरू झाली की संवादांचा एकही हळू प्रसंग नीट ऐकता येईना. ती तीन आठवडे टिकली आणि गेल्या रविवारी गेली.

आधी थोडक्यात सुवार्ता. जुना ६०० व्हीएचा यूपीएस बॅटरीवर गेला की रिसीव्हरचा (स्पीकरना आवाज पुरवणाऱ्या अँप्लिफायरचा) ट्रान्सफॉर्मर गुरगुरायचा, हे तुम्हाला आठवत असेल; त्याची लहर पायऱ्यापायऱ्यांची होती आणि विक्रेत्याने जाहिरातीत मात्र ‘साइन वेव्ह’, म्हणजे घरच्या विजेसारखी गुळगुळीत लहर, असे छापले होते. मित्राच्या ऑसिलोस्कोपवर ते पितळ उघडे पडले. नवा यूपीएस खरोखर साइन लहर देतो. शुक्रवारी ऐन चित्रपटात वीज गेली तेव्हा रिसीव्हर गप्प राहिला, चित्र हलले नाही, आणि मी प्रोजेक्टर रीतसर बंद करून दिवा गार होईपर्यंत पंख्याचा आवाज अगदी समाधानाने ऐकत बसलो. बॅटरी घेतली ती याच दोन मिनिटांसाठी. तासभर चित्रपट बघण्यासाठी यूपीएस घेणारे मला कधीच कळलेले नाहीत.

आता घूं. रिसीव्हर, प्रोजेक्टर आणि डिशचा सेट-टॉप बॉक्स हे तिन्ही यूपीएसवर, आणि यूपीएस नव्या १६ अँपिअरच्या पॉइंटवर, म्हणजे नव्या खड्ड्यावर आहे. सबवूफर दिवाणखान्याच्या समोरच्या कोपऱ्यात, जुन्या सॉकेटवर, म्हणजे घराच्या जुन्या खड्ड्यावर. दणक्याच्या वेळी त्याचा अँप्लिफायर एकदम वीज ओढतो, म्हणून त्याला मी मुद्दाम यूपीएसपासून लांब ठेवले होते. त्या शहाणपणाची किंमत पुढे मोजावी लागली.

पहिला संशय रिसीव्हरपासून सबवूफरपर्यंत आवाज नेणाऱ्या आरसीए केबलवर गेला आणि बाराशे रुपये वाया गेले. मग डिशची केबल काढून पाहिली, प्रोजेक्टरची एचडीएमआय काढून पाहिली, फरक शून्य. आरसीए केबल सबवूफरमधून उपटली की मात्र संपूर्ण शांतता. फोनवरच्या ॲपमध्ये सर्वांत उंच सुळका ५० हर्ट्झवर दिसत होता. बिघाड सबवूफरच्या स्वतःच्या रेक्टिफायरमध्ये (एसीचे डीसी करणाऱ्या भागात) असता तर तो १०० वर दिसायला हवा होता. म्हणजे केबलच्या जाळीतून घरच्या विजेचाच प्रवाह वाहत होता. कुठून, ते कळेना. ‘सबवूफरच्या प्लगची तिसरी पिन काढून टाक’ हा सल्ला मला तिघांनी दिला. घूं त्याने गेलीही असती. पण आत कधी फेज धातूच्या सांगाड्याला टेकली तर ती वाट माझ्या हातातून गेली असती, म्हणून तो सल्ला मी कानाआड केला. त्याऐवजी यूपीएसच्या पॉइंटवरून लांब एक्स्टेंशन ओढून सबवूफर त्यावर लावला, आणि घूं गायब झाली. दोष दोन सॉकेटांच्या मध्ये कुठेतरी आहे, एवढे नक्की झाले.

खरा धागा आईच्या हाती लागला. ती सकाळी सुपारीला पाणी सोडते. एका सकाळी दारातूनच म्हणाली, “तुझा डबा आज जास्तच घुमतोय रे, पंप बंद करू का?” मी हसलो, आणि दुसऱ्याच क्षणी मल्टिमीटर घेऊन धावलो. आरसीए केबल काढून मोजले, तर दोन सॉकेटांच्या अर्थ पिनांमध्ये ३.४ व्होल्ट एसी. आईला पंप बंद करायला सांगितला; ०.३. पुन्हा चालू, ३.४.

वायरमन काका लिकेज मोजायचा क्लॅम्प घेऊन आले. पंपाच्या अर्थ वायरभोवती तो लावताच आकडा आला १८० मिलिअँपिअर. मोटरचे इन्सुलेशन ओले पडले आहे आणि ती गळती जुन्या खड्ड्यातून जमिनीत जाते आहे. आमचे घर संगमेश्वरजवळ जांभ्यावर आहे. उन्हाळ्यात जांभा कोरडा ठणठणीत होतो आणि जुन्या खड्ड्याचा रोध काकांच्या टेस्टरवर १९ ओहम भरला. ०.१८ गुणिले १९, बरोबर ३.४ व्होल्ट. वहीत हा गुणाकार जुळला तेव्हा झालेला आनंद घूं गेल्याच्या आनंदापेक्षा तसूभरही कमी नव्हता.

नवा खड्डा मी पुस्तकाबरहुकूम केला होता. अडीच मीटर जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप, कोळसा, मीठ, सगळे काही. त्याचा रोध २६ ओहम आहे. पण तो जुन्याशी जोडलेलाच नव्हता, आणि त्यामुळे एकाच घरात दोन वेगवेगळ्या ‘जमिनी’ तयार झाल्या होत्या. त्यांना जोडणारी एकमेव वाट म्हणजे ती बिचारी आरसीए केबल. घूं हा यातला क्षुल्लक भाग आहे. वळिवाच्या विजेचे नुसते ५०० अँपिअर एका खड्ड्यात उतरले असते, तर १९ ओहमच्या हिशेबाने दोन अर्थांमध्ये साडेनऊ हजार व्होल्टचा फरक पडला असता, आणि तो रिसीव्हर व सबवूफर यांच्या मधोमध फुटला असता. तेथे कितीही महागडा स्पाइक गार्ड काही करू शकत नाही, कारण त्यातले एमओव्ही, म्हणजे जादा दाब गिळणारे छोटे घटक, आपल्याच पट्टीवरच्या फेज, न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातला फरक दाबतात. पलीकडच्या सॉकेटच्या अर्थाची त्यांना खबरच नसते.

रविवारी चिऱ्याची एक पायरी उचकटून दोन्ही खड्ड्यांमध्ये ११ मीटर जीआय पट्टी पुरली आणि दोन्हींच्या तारा एकाच अर्थ बारवर, म्हणजे सगळे अर्थ जोडायच्या पट्टीवर, आणल्या. एकत्रित रोध आता ११ ओहम आहे. पंप चालू ठेवून आवाज पूर्ण वाढवला आणि कान सबवूफरच्या कोनाला टेकवला, तेव्हा कुठे अगदी बारीक गुणगुण ऐकू आली. तीही जावी म्हणून सबवूफर आता यूपीएसच्या शेजारच्या त्याच पॉइंटवर, पण यूपीएसला वळसा घालून आणणार आहे.

जाता जाता जुना साडेतीनशे रुपयांचा स्पाइक गार्ड उघडला. आत फेज आणि न्यूट्रलमध्ये बोटाच्या नखाएवढा एक एमओव्ही आणि एक हिरवा दिवा; अर्थाच्या बाजूला काहीच नाही. नव्यात २० मिलिमीटरचे तीन आहेत आणि त्यांना चिकटून, ते तापले की तुटणारा थर्मल फ्यूज. पैसे द्यायचे ते यासाठी, खोक्यावरच्या ज्यूलच्या आकड्यासाठी नव्हे.

पुढच्या खर्चात न्यूट्रल तुटण्यापासून वाचवणारा ओव्हरव्होल्टेज रिले पहिला होता, कारण न्यूट्रल तुटून ४०० व्होल्टच्या आसपास दाब घरात शिरला तर २७५ व्होल्टचे एमओव्ही जळून जातात, वाचवत कोणालाच नाहीत. पण हे लिहिता लिहिताच क्रम बदलला. ११ ओहममधून फेजचा पूर्ण बिघाड झाला तरी प्रवाह जेमतेम २१ अँपिअर होतो. जादा प्रवाहावर पडणारा १६ अँपिअरचा एमसीबी त्यावर चटकन पडणार नाही. म्हणून आधी ३० मिलिअँपिअरच्या गळतीवर वीज तोडणारा आरसीसीबी. आणि १८० ची गळती करणारा पंप असताना तो क्षणभरही टिकणार नाही, म्हणून त्याच्याही आधी पंप. डिश काढून सगळे फायबरवर न्यावे, काचेतून वीज येत नाही, असेही मनात आले होते. आईच्या मालिकांचा विषय निघताच तो बेत रद्द झाला. आता डिशची केबल घरात शिरण्यापूर्वी त्याच अर्थ बारवरच्या ग्राउंडिंग ब्लॉकमधून (केबलची जाळी अर्थला जोडणाऱ्या तुकड्यातून) न्यायची आहे.

रिवाइंडिंगवाले गुरुवारी मोटर काढायला येणार आहेत. आरसीसीबी आणून ठेवला आहे, खोके अजून फोडलेले नाही. तोपर्यंत सुपारीला पाणी बादलीने, आणि ते मी घालायचे असे ठरले आहे.