आमची वाटचाल : न झुकणाऱ्या गाडीचं इंजिन

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातलं आमचं वर्कशॉप मुळात ऑइल इंजिनांच्या बोअरिंगचं, म्हणजे सिलिंडर आतून कातून नेमक्या मापाला आणण्याचं. आजूबाजूला फाउंड्री, पॅटर्नवाले, क्रँक ग्राइंडिंगवाले, त्यामुळे कुठलाही भाग चालत जाऊन करून आणता येतो. कोल्हापूरला रेसिंगचा नाद जुना. गो-कार्टचं, म्हणजे जमिनीलगत पळणाऱ्या छोट्या रेसिंग गाडीचं, काम आमच्याकडे आलं त्यात नवल नाही, कारण कार्टवर बसणारं पहिलं इंजिन म्हणजे शेवटी पंपाचंच इंजिन असतं.

होंडा जीएक्स १६० घ्या. १६३ सीसी, बोअर (सिलिंडरचा व्यास) ६८ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ४५ मिमी, ३६०० आरपीएमला ४.८ हॉर्सपॉवर. जीएक्स २०० ला बोअर तोच, स्ट्रोक ५४ आणि ताकद साडेपाच. आकडे ऐकून पोरं नाक मुरडतात. पण भाड्याच्या ट्रॅकवर दिवसभर, अनोळखी पायाखाली, रडतखडत का होईना संध्याकाळपर्यंत चालणारं दुसरं इंजिन दाखवा. टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट, जुन्या जीएक्सला थंड इंजिनवर इनटेक ०.१५, एक्झॉस्ट ०.२० मिमी. प्लग गॅप ०.७ ते ०.८. तेल ०.६ लिटर, १०डब्ल्यू-३०. कंपनीचं पुस्तक पहिलं तेल २० तासांनी आणि पुढे दर १०० तासांनी बदला म्हणतं, पण ते पंपासाठी. ट्रॅकवर २०-२५ तासांच्या पुढे तेच तेल ठेवणारा माणूस पैसे वाचवत नाही, क्रँक घासतो. आणि शेतातलं केरोसीनवर चालणारं जुनं इंजिन स्वस्तात मिळतंय म्हणून आणू नका. त्याचं कॉम्प्रेशन मुद्दाम कमी ठेवलेलं असतं, पेट्रोल घातलं म्हणून ते रेसचं होत नाही.

या इंजिनातल्या ऑइल अलर्टची वायरही आधी बघा. क्रँककेसमध्ये फ्लोटवर चालणारा स्विच असतो, तेल कमी झालं की इग्निशन तोडतो. पंप एका जागी उभा असतो, तिथे हे ठीक. कार्ट वळणावर गेली की तेल एका कडेला चढतं, स्विचला वाटतं तेल संपलं आणि इंजिन ऐन वळणात झटका देतं. लोक कार्बोरेटर खोलतात, कॉइल बदलतात. आम्ही ती पिवळी वायर सोडवून टेप लावतो आणि रोज सकाळी डिपस्टिक बघायची सक्ती करतो.

आमचे पहिले भागीदार लेथवर बसत. सगळे त्यांना तात्या म्हणत. डायल बोअर गेज, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास मोजायचं उपकरण, त्यांच्याशिवाय कोणी उचलायचं नाही. सिलिंडर वर, मध्ये, खाली आणि प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी, असे सहा आकडे ते खडूनं सिलिंडरच्या बाहेरच लिहीत. मोजणी नेहमी सकाळी, रात्रभर एकाच खोलीत राहिलेल्या पिस्टन आणि सिलिंडरची. उन्हातून आणलेला पिस्टन मोजला तर ॲल्युमिनियम फुगलेलं असतं आणि क्लिअरन्स, म्हणजे दोघांमधली फट, खोटा दिसतो. होनिंगच्या, म्हणजे सिलिंडर आतून घासून पाडलेल्या, रेघा एकमेकींना साधारण ४५ अंशांत छेदल्या पाहिजेत. त्या आडव्या पडल्या तर इंजिन तेल खातं, उभ्या पडल्या तर तेल टिकत नाही. हे गेज आजही आमच्याकडे आहे आणि आजही ते उधार मिळत नाही.

मधली बरीच वर्षं काम सुरळीत चाललं. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

मग इंजिनिअरिंग कॉलेजांच्या कार्ट आल्या आणि वर्कशॉप बुडायची वेळ आली. विद्यार्थी जुन्या बाजारातून मोटरसायकलची १५० सीसी इंजिनं आणत. गिअर आहेत, ताकद पंपाच्या इंजिनाच्या अडीच-तीनपट, भाग कुठल्याही गावात मिळतात. कागदावर याच्याइतकं चांगलं काही नाही. आम्हाला काम एवढंच : बोअर करून पाव मिमी ओव्हरसाइज पिस्टन बसवणं. तेल अडवणारी बफल प्लेट लावून घ्या, असं आम्ही बिलावर लिहून दिलं होतं. खर्च नको म्हणून ती कोणी लावली नाही.

का लावायची, ते नीट समजून घ्या. मोटरसायकल वळणावर झुकते, म्हणून तेलावरचा एकूण जोर सिलिंडरच्या रेषेतच राहतो आणि तेल तळाशीच बसतं. कार्ट झुकत नाही. स्लिक, म्हणजे बिननक्षीच्या, टायरवर दीड-दोन जी (वजनाच्या दीड-दोनपट) आडवा जोर येतो आणि लिटरभर तेल परातीतल्या पाण्यासारखं एका भिंतीवर चढतं. बहुतेक १००-१५० सीसी इंजिनांत ऑइल पंपाची जाळी खाली, उजव्या केसिंगमध्ये, क्लचच्या बाजूला असते. डाव्या वळणात तेल उजवीकडे येतं, काही बिघडत नाही. उजव्या वळणात ते डावीकडे पळतं, जाळी उघडी पडते आणि पंप हवा ओढतो. घड्याळाच्या दिशेनं फिरणाऱ्या ट्रॅकवर उजवी वळणं जास्त. तेल सगळ्यात शेवटी पोचतं हेडमध्ये, म्हणून आधी कॅमशाफ्ट आणि रॉकर जातात, मग बिग एंड, म्हणजे कनेक्टिंग रॉडचं क्रँककडचं टोक.

ती इंजिनं एकामागून एक निकामी झाली. नाव आमचं लागलं. गावातल्याच एका दुसऱ्या वर्कशॉपनं सगळीकडे सांगितलं की आमचं बोअरिंग तिरकं आहे. पोरांनी ते खरं मानलं, कारण इंजिनाला हात लावलेला माणूस आम्हीच होतो. कामाला दिलेली इंजिनं परत नेली गेली, नवी यायची थांबली आणि एका कॉलेजकडचं बिल आजतागायत आलेलं नाही.

खोललेल्या इंजिनानं साक्ष दिली होती, बघायला कोणी आलं नाही एवढंच. बोअर तिरका किंवा घट्ट असता तर पिस्टनच्या स्कर्टवर (खालच्या भागावर) उभे ओरखडे दिसले असते. स्कर्ट स्वच्छ होता, होनिंगच्या रेघा जशाच्या तशा. कॅमचे लोब निळे पडलेले आणि बिग एंडला हातानं कळेल इतका खेळ. ही तेलाची उपासमार असते, बोअरिंगचा दोष नसतो. हे ज्यांना वाचता येत नाही त्यांनी दुसऱ्याच्या कामावर बोलू नये.

आजही असं इंजिन कार्टवर टाकायचं असेल तर आम्ही हे करूनच देतो. जाळीभोवती पत्र्याची बफल, तळाशी छोट्या खाचा ठेवलेली, म्हणजे तेल आत येतं पण एकदम बाहेर पळत नाही. तेल पुस्तकापेक्षा दीड-दोनशे मिली जास्त आणि ब्रीदरची (क्रँककेसची हवा सोडणारी) नळी उंच नेऊन तेल गोळा करणाऱ्या कॅच टँकमध्ये. पेट्रोलचाही विचार करावा लागतो. मोटरसायकलची टाकी कार्बोरेटरच्या वर असते, कार्टची टाकी चालकाच्या पायांमध्ये, खाली. तिथे क्रँककेसच्या किंवा मॅनिफोल्डच्या दाबावर चालणारा पल्स पंप लागतो. त्याची नळी आखूड आणि जाड भिंतीची ठेवा, मऊ नळी स्वतःच फुगते-आकसते आणि पंपापर्यंत धक्का पोचत नाही. शेवटी हवा : इंजिन सीटच्या मागे लपलं तर फिन्सना वारा मिळत नाही, डक्ट करावाच लागतो.

आता त्या दुसऱ्या वर्कशॉपबद्दल. भाड्याच्या ट्रॅकवाल्यांना ते जीएक्सच्या नकली इंजिनांचा गव्हर्नर (वेग मर्यादेत ठेवणारा भाग) काढून विकू लागले. किंमत कमी, वेग जास्त, आमची गिऱ्हाइकं तिकडे. गव्हर्नर काढणं अवघड नाही, साइड कव्हर उघडून गिअर काढला की झालं. पण या इंजिनाचा कनेक्टिंग रॉड ॲल्युमिनियमचा, त्यात वेगळं बेअरिंग नाही, तेल मिळतं ते खालच्या डिपरनं उडवलेलं. ५००० च्या पुढे रोज चालवला की एक दिवस तुटतो आणि केसिंगला भोक पाडून बाहेर येतो. ओतीव फ्लायव्हील फुटलं तर त्याचे तुकडे चालकाच्या पाठीमागे असतात. गव्हर्नर काढायचाच तर बिलेट (ओतीव नव्हे, अखंड धातूतून कातलेला) रॉड, बिलेट फ्लायव्हील आणि कडक व्हॉल्व्ह स्प्रिंग आधी, वेग नंतर. आम्ही तसाच दर सांगितला म्हणून महाग ठरलो.

सांगलीकडचा एक ट्रॅकवाला मात्र आमच्याकडेच राहिला. त्याला वेग हवा होता, तो आम्ही स्प्रॉकेटमधून दिला. ११ इंची मागचं टायर एका फेऱ्यात साधारण ८८ सेंटिमीटर जातं. ३६०० आरपीएम आणि तीनास एक रेशो (इंजिनाचे तीन फेरे, चाकाचा एक) धरला तर ताशी ६३ किलोमीटर, साडेतीनास एक धरला तर ५४. त्याची सरळ पट्टी छोटी, त्यामुळे ६३ चा रेशो कधी पूर्ण वापरलाच जात नव्हता. साडेतीन लावल्यावर वळणातून गाडी लवकर सुटली, लॅप कमी झाला आणि क्लचही थंड राहिला. आयडल, म्हणजे थ्रॉटल न देता इंजिनाचा वेग, १४०० आरपीएमच्या आसपास ठेवा. मिस्त्री ते दोन हजारावर नेतात, मग उभ्या गाडीत क्लचचे शू ड्रमला घासत जळतात.

टू-स्ट्रोकवाले अजून यामाहा आरएक्स १०० मोटरसायकलचं इंजिन घेऊन येतात. १९८५ ते १९९६ दरम्यान इथे बनलेलं ९८ सीसीचं ते ११ हॉर्सपॉवरचं इंजिन आम्हालाही आवडतं. त्याचा ऑइल पंप काढलात तर मिक्स तेल न चुकता घाला आणि क्रँकची दोन्ही सील नवी टाका. सीलमधून हवा शिरली की मिश्रणात पेट्रोल कमी पडतं आणि कार्बोरेटरमध्ये पेट्रोल सोडणारा जेट कितीही मोठा टाकला तरी पिस्टन सिलिंडरमध्ये धरतो.

खऱ्या रेसला उतरायचं असेल तर मात्र यातलं काहीच घेऊ नका. रोटॅक्स मॅक्स घ्या, १२५ सीसी, पाण्यानं थंड होणारं, सीनियरमध्ये ३० हॉर्सपॉवरच्या आसपास. इंजिन सीलबंद असतं, सील अधिकृत सेंटरच उघडतं, त्यामुळे आमचं त्यात बोअरिंगचं काम शून्य, तरी सांगतो. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून पावणेसहाशे मीटरच्या आसपास, हवा विरळ, म्हणजे चेन्नईत बसवलेला मेन जेट इथे जाड पडतो, पेट्रोल जास्त सोडतो. जेट एक-एक नंबरनं उतरवा आणि प्रत्येक वेळी पूर्ण थ्रॉटलवर इंजिन बंद करून प्लग काढून बघा. पिटमध्ये हळू आणलेल्या गाडीचा प्लग काहीच सांगत नाही.

सध्या पोरं येतात तेव्हा आम्ही आधी स्पर्धेचं नियमपुस्तक मागतो, मग ट्रॅकचा नकाशा, त्यात उजवी वळणं किती ते मोजतो आणि मगच इंजिन टेबलावर घेतो. बफल नको म्हणणाऱ्याचं काम घेत नाही. बोअरिंगचे सहा आकडे बिलावर छापून देतो, खाली गिऱ्हाइकाची सही घेतो. त्या कॉलेजचं जुनं बिल फाइलमध्ये सगळ्यात वर लावलेलं आहे.