राजमा उकळला होता का?

व्हीगन कॅम्पिंग फेस्टिव्हलच्या मेडिकल तंबूतली ड्युटी एरवी हलकी असते. चालून पायाला आलेले फोड, उन्हाने भाजलेले खांदे, तंबूची खुंटी ठोकताना ठेचलेला अंगठा. मोकळ्या मैदानावर तंबूंच्या रांगा, दिवसभर व्याख्यानं आणि स्वयंपाकाची प्रात्यक्षिकं, रात्री गाणी. साऱ्या आवारात मांस, दूध, अंडी, मध यातलं काहीही नाही. मला हे वातावरण मनापासून आवडतं. आपण काय खातो याचा विचार करून आलेली माणसं डॉक्टरलाही नीट प्रश्न विचारतात.

त्या शनिवारी रात्री साडेनऊच्या सुमारास एक तरुणी पोट धरून आत आली. उलटीची पिशवी हातातच होती. तिची नाडी बघते आहे तोवर तिच्याच गटातले आणखी दोघं आले, आणि थोड्या वेळात उरलेलेही. सगळ्यांना एकसारख्याच, पिळवटून टाकणाऱ्या उलट्या. आयोजकांना वायरलेसवर कळवलं, तर पहिला प्रश्न आला, "डॉक्टर, खाण्याचे सगळे स्टॉल बंद करू का?" दुसरी भीती नोरोव्हायरसची, म्हणजे उलट्या-जुलाबाची साथ झपाट्याने पसरवणाऱ्या विषाणूची. सामायिक नळ आणि शौचालयं असलेल्या तळावर ती रास्तच होती.

पण काही गोष्टी जुळत नव्हत्या. नोरोव्हायरस शरीरात शिरल्यावर लक्षणं दिसायला साधारण 12 ते 48 तास लागतात, आणि सगळ्यांना एकाच तासात गाठणं त्याला सहसा जमत नाही. कुणाला ताप नव्हता. संध्याकाळपर्यंत सगळे ठणठणीत होते. आणि सगळे तंबूंच्या एकाच घोळक्यातले. शेजारच्या रांगेतून एकही रुग्ण नाही. जेवणानंतर दोन तासांत असं झालं, तर जंतूंपेक्षा अन्नात आधीच तयार असलेल्या विषाचा संशय घ्यायचा. मनात पहिल्यांदा भात आला. शिजवून बाहेर राहिलेल्या भातात बॅसिलस सेरियस नावाचा विष तयार करणारा जंतू वाढतो आणि असंच करतो. पण त्यांनी भात केलाच नव्हता.

राजमा केला होता. सगळ्यांनी खाल्ला होता, फक्त उशिरा आलेल्या एकाने ब्रेड आणि सॅलडवर भागवलं होतं. तो तंबूच्या दाराशी धडधाकट उभा राहून सगळ्यांना पाणी देत होता. ज्याने दोनदा वाढून घेतलं होतं, त्याचे हाल सगळ्यात वाईट.

शिजवणारा मुलगा स्वतः आडवा पडला होता. विचारल्यावर तसाच उठून बसला. "रात्रभर भिजवला होता, डॉक्टर. पाणी बदललं. सकाळपासून आठ तास स्लो कुकरला होता, व्हॅनच्या विजेवर."

"त्याआधी उकळला होता का?"

"नाही. आठ तास गरमच होता ना."

त्याच्या साथीदाराकडून पातेलं मागवलं. टॉर्चखाली एक दाणा चिमटीत दाबला. साल मऊ, सुटलेली. आत मात्र पिठूळ, टणक गर. नखाने तुकडा पडला, पण दाणा चेंदला गेला नाही.

लाल राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं प्रथिन असतं. कच्चे चार-पाच दाणेही माणसाला आजारी पाडू शकतात. खळखळ उकळत्या पाण्यात ते निकामी होतं, पण 80 अंशांच्या आसपास नुसतं तापत राहिलं तर त्याचा विषारीपणा कच्च्या दाण्यापेक्षाही वाढू शकतो, पाचपटीपर्यंत. स्लो कुकर अनेकदा नेमका त्याच तापमानाला रेंगाळतो. प्रेशर कुकरमध्ये तापमान 120 अंशांच्या आसपास जातं, त्यामुळे त्यात राजमा शिजवणाऱ्याला हा प्रश्न कधी पडतच नाही. डब्यातला राजमाही कारखान्यात पूर्ण शिजलेला असतो. स्टॉलवाल्यांना विचारून घेतलं. सगळे डब्यातलाच वापरत होते. स्टॉल बंद करू नका, असं मी आयोजकांना कळवलं. या गटाला मात्र सकाळपर्यंत वेगळं शौचालय ठेवलं, कारण संशय पुरता फिटेपर्यंत एवढी काळजी घ्यायलाच हवी. पातेल्यातला नमुना बंद करून फ्रिजमध्ये ठेवला.

यावर उतारा नाही. उलट्या थांबवायच्या, पाणी आणि क्षार भरून काढायचे. पहिल्या तरुणीला मी जलसंजीवनीचा पेला दिला, तेव्हा धाप लागलेली असतानाही तिने विचारलं, "यात प्राण्यांचं काही आहे?" मला तिचं कौतुक वाटलं. पाकीट तिच्यासमोर धरून वाचलं: मीठ, ग्लुकोज, पोटॅशियम क्लोराइड, सायट्रेट. काही नाही. जिभेवर विरघळणाऱ्या काही गोळ्यांत प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून केलेलं जिलेटिन असतं, बऱ्याच साध्या गोळ्यांत दुधातली साखर, लॅक्टोज. म्हणून तिला ओकारीचं औषध इंजेक्शनने दिलं. व्हीगन सोसायटीच्या व्याख्येतच 'शक्य आणि व्यवहार्य असेल तितकं' असे शब्द आहेत, आणि लागणारं औषध त्यापायी नाकारू नये, हेही तिला सांगितलं. पण पर्याय हाताशी असताना तो शोधून देणं हे माझं काम आहे, आणि रुग्णाचा असा प्रश्न उडवून लावणाऱ्या डॉक्टरांचा मला राग येतो.

मध्यरात्रीनंतर एकेकाच्या उलट्या थांबल्या. या विषबाधेत बहुतेक जण तीन-चार तासांत सावरतात, तसेच तेही सावरले. शिजवणारा मुलगा मात्र रडायला लागला. "मी सगळ्यांसाठी मन लावून केलं होतं." केलंच होतं त्याने. डाळी-कडधान्यांवर जगायचं ठरवणाऱ्याला ही एक गोष्ट कुणीतरी आधी सांगायला हवी होती.

पहाटे आम्ही दोघांनी मिळून मजकूर लिहिला आणि तळावरच्या प्रत्येक नळापाशी लावला: राजमा निदान पाच तास भिजवा, ते पाणी फेका, नव्या पाण्यात अर्धा तास खळखळ उकळा, मगच मंद आचेवर किंवा स्लो कुकरमध्ये ठेवा. चवीलाही कच्चा दाणा तोंडात टाकू नका. नाश्त्याच्या वेळी माइकवरून त्यानेच ते वाचून दाखवलं.

घोषणा संपते न संपते तोच एक बाई थर्मल कुकर छातीशी धरून धावत आल्या. रात्री पाच मिनिटं उकळून झाकून ठेवलेला राजमा, पंधरा जणांच्या दुपारच्या जेवणाचा. झाकण काढून आम्ही तो तिथेच मोठ्या शेगडीवर चढवला, पाणी बदललं आणि उकळी फुटल्यावर घड्याळ लावलं.