प्रोटॉन गेल्यावर मागे काय उरतं?

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत बहुतेक जण स्नेहसंमेलनाबद्दल लिहितील. मला मात्र आठवतो तो रसायनशास्त्राच्या बाईंचा एक प्रश्न. फळ्यावर आम्लाचं सूत्र लिहून त्या विचारत, "प्रोटॉन गेला. आता मागे राहिलेल्याचं कसं चाललंय?"

आम्ल म्हणजे प्रोटॉन, अर्थात हायड्रोजनचा धन आयन, सोडणारा रेणू. इथॅनॉल आणि अ‍ॅसेटिक आम्ल, प्रोटॉन सुटतो दोन्हींत ओएच (ऑक्सिजन-हायड्रोजन) गटातूनच. पण पीकेए (आम्लाची ताकद सांगणारा आकडा: जितका लहान तितकं आम्ल तीव्र, एकाचा फरक म्हणजे दहापट) एकाचा १६च्या आसपास, दुसऱ्याचा ४.७६. म्हणजे ताकदीतला फरक एकावर अकरा शून्यं! प्रोटॉन गेल्यावर इथॅनॉलचा उरतो इथॉक्साइड आयन, अ‍ॅसेटिक आम्लाचा अ‍ॅसिटेट. इथॉक्साइडचा ऋण प्रभार एकट्या ऑक्सिजनच्या माथी बसतो, अ‍ॅसिटेटमध्ये तो दोन ऑक्सिजन निम्मा निम्मा वाटून घेतात. बाई दोन रचना काढून मधे दुतोंडी बाण काढत आणि लगेच बजावत, "आयन इकडून तिकडे उड्या मारत नाही हं. तो एकच आहे, दोन्हींच्या मधला." प्रभार असा वाटला जाणं म्हणजेच संस्पंदन. पुराव्याला बंधांची लांबी असे: फॉर्मिक आम्लात कार्बन-ऑक्सिजनचे दोन बंध लहानमोठे, प्रोटॉन गेल्यावर उरणाऱ्या फॉर्मेटमध्ये मात्र दोन्ही १.२७ अँगस्ट्रॉम.

प्रयोगशाळेत सोडियम बायकार्बोनेटच्या द्रावणात बेंझॉइक आम्ल टाकलं की परीक्षानळी फसफसायची. फिनॉल बाई स्वतःच टाकत, ती बाटली कुणाच्या हाती देत नसत. नळी ढिम्म! बायकार्बोनेटमधून कार्बन डायऑक्साइड सुटायला कार्बोनिक आम्लाहून तीव्र आम्ल लागतं. फिनॉलचा पीकेए १०, कार्बोनिक आम्लाचा ६.३५, बुडबुडे येणार कुठून? संस्पंदन तर फिनॉलच्या आयनात, फिनॉक्साइडमध्येही आहे. पण तिथे प्रभार सहा कार्बनांच्या कड्यातल्या कार्बनांच्या पदरात पडतो आणि कार्बनला तो ऑक्सिजनइतका पेलवत नाही. नुसत्या रचना मोजून भागत नाही ते यामुळेच.

फिनॉलच्या कड्यावर नायट्रो गट (एक नायट्रोजन, दोन ऑक्सिजन) मेटा जागी, म्हणजे ओएचपासून एक कार्बन सोडून, असेल तर पीकेए ८.४, पॅरा जागी, म्हणजे अगदी समोर, ७.१५. पॅरा जागेवरून प्रभार थेट नायट्रोच्या ऑक्सिजनांपर्यंत पोचतो, मेटावरून तशी वाट नाही. पिक्रिक आम्लात असे तीन नायट्रो गट, दोन ऑर्थो (ओएचच्या लगत) आणि एक पॅरा, म्हणून पीकेए ०.४ वर येतो. ते स्फोटक, त्यामुळे फक्त वहीत.

उलट उदाहरण मला जास्त आवडायचं. पॅरा-हायड्रॉक्सिबेंझॉइक आम्ल बेंझॉइकपेक्षा सौम्य, कारण तिथे संस्पंदन प्रोटॉन जाण्याआधीच्या रेणूला जास्त सावरतं. सॅलिसिलिक आम्ल मात्र चांगलंच तीव्र, २.९७. तिथे आयनाला मुख्यतः शेजारच्या ओएचचा हायड्रोजन बंध धरून ठेवतो. त्याचं सगळं श्रेय कुणी संस्पंदनाला दिलं, की बाई निम्मे गुण कापत.