कोयता जायच्या आधी हरेगाव

जपमाळेच्या प्रार्थनेतली, रोझरीतली, दुःखाची रहस्यं सुरू झाली आणि टेम्पोवरच्या भोंग्याने जी शिट्टी धरली, ती पुढचं गाव येईपर्यंत सोडली नाही. 'नमो मरिये' म्हटलं की कुंऽऽ, 'हे पवित्र मरिये' म्हटलं की पुन्हा कुंऽऽ. पुढे निळ्या साड्यांतल्या बायका, मागे पोरं, मध्ये झेंडूच्या माळांत मरियामाता आणि तिच्या पायाशी मांडी घालून बसलेला माइकवाला. त्याला कोणी काही बोलायचं नाही, कारण टेम्पो त्याच्या मेव्हण्याचा. दहा मणी संपायचे, दुसरे दहा सुरू व्हायचे आणि माझ्या डोक्यात काट्यांचा मुकुट नाही, नुसता तो भोंगा. आईसाठी म्हणून निघाले होते. आई अंथरुणाला खिळल्यापासून तिच्या वाटची माळ मीच म्हणते. ती असती तर तिने त्या माइकवाल्याला दोन शब्दांत गप्प केलं असतं.

मतमाऊलीच्या, म्हणजे मरियामातेच्या, यात्रेला निघालेली आमची पदयात्रा सरळ रस्त्याने हरेगाव गाठत नाही. संभाजीनगरहून, गंगापूरहून कितीतरी जथे डांबरी रस्त्याने झपाझप जातात. आमचे फादर वाट वाकडी करतात. तालुक्यात आडबाजूला जी चार-सहा घरांची चर्च आहेत, पत्र्याची, एका खोलीची, वर सिमेंटचा क्रूस, ती सगळी वाटेत घ्यायची. तिथे मिस्सा म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, आजाऱ्यांना तेल लावणं, बाप्तिस्म्याच्या तारखा, दोन भावांचं भांडण असलं तर त्यात डोकं घालणं, मग पुढे. आधी मला याचा रागच यायचा. नवस हरेगावचा आणि आपण निघालो उलट्या दिशेला, मक्याच्या शेतातून, गुडघाभर चिखलात.

फादर केरळचे. आमच्या भागात पहिल्यांदा फ्रान्सहून फादर लोक आले ते एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाला, निजामाच्या राज्यात. माझे आजोबा मास्तर होते, म्हणजे शाळाही शिकवायची आणि फादर नसतील तेव्हा गावाची प्रार्थनाही घ्यायची. आता फ्रान्सचं कोणी येत नाही, केरळचे येतात. आमच्या फादरांची मराठी इथल्याच ओट्यांवर तयार झालेली, त्यामुळे 'लय' आणि 'कामून' अगदी बरोबर जागी पडतं, पण लिंगाचा घोळ काही सुटत नाही. 'माझा गाडी बंद पडला' म्हणतात आणि बायका पदर तोंडाला लावतात.

वाट वाकडी करण्याचं कारण त्यांनी मला एका बांधावर, बुटातला चिखल काडीने काढता काढता सांगितलं. 'सिस्टर, नाताळला मी या गावात येतो. घंटा वाजवतो. कोण येतो? एक कुत्रा येतो.' सिस्टर म्हणजे नर्सवाली सिस्टर, मठातली नव्हे. मी सरकारी दवाखान्यात आहे.

दसरा-दिवाळी झाली की कोयता निघतो, म्हणजे माणसं ऊसतोडीला जातात. मुकादमाने पावसाळ्यातच उचल, म्हणजे आगाऊ पैसे, दिलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. लेकरं बरोबर, म्हातारी माणसं मागे. कारखान्याच्या पट्ट्यात कोपी, म्हणजे झोपडी, घालायची, पहाटे फडात शिरायचं, ते पार मार्च-एप्रिलपर्यंत. म्हणजे नाताळच्या आधीचा आगमनकाळ फडात, नाताळ फडात, कधीकधी पुनरुत्थानाचा सणसुद्धा फडात. चर्चला कुलूप. सप्टेंबर हा एकच महिना, जेव्हा पोळा झालेला असतो, कपाशी अजून फुटलेली नसते आणि माणसं घरी असतात. मरियामातेचा जन्मदिन ८ सप्टेंबरचा. त्याच्या आगेमागे शनिवार-रविवारी हरेगावला मतमाऊलीची यात्रा भरते. तिच्या निमित्ताने फादर आपली माणसं मोजून घेतात.

एका वस्तीवरचं चर्च माझ्या चांगलं लक्षात आहे. किल्ली एका विधवा बाईकडे, कमरेच्या पिशवीत, तंबाखूच्या डबीसोबत. दार उघडलं आणि युरियाचा वास भपकन अंगावर आला. वेदीच्या डाव्या हाताला गोण्यांची थप्पी, छतापर्यंत. वेदीवर मात्र पांढरंशुभ्र, इस्त्रीचं कापड, त्याला क्रोशाची झालर आणि स्टीलच्या पेल्यात ताजी शेवंती. फादर काही वेळ नुसते उभे राहिले.

'हे काय आहे, मावशी?'

'खत हाय.'

'देवाच्या घरात?'

'मग कुठं ठिवू? माझं घर गळतंय. हितं गळत नाय.' आणि मग जरा थांबून, 'पत्रे तुमीच बसवून दिले ना.'

फादरांनी त्या गोण्यांच्या शेजारी उभं राहून मिस्सा केली. प्रवचन छोटं झालं. वास सोसत नव्हता. मी दाराशी बसले होते. दाराच्या आतल्या बाजूला खडूने दोन-तीन मोबाइल नंबर लिहिलेले, खाली 'मुकादम', त्याखाली उचलीचा हिशोब आणि त्याच्याही खाली कुठल्याशा पोराने काढलेली, चार चाकं आणि दोन शिंगं असलेली टायरगाडी. ख्रिस्तशरीर, म्हणजे मिस्सेतली पवित्र भाकर, घ्यायला उठले तेव्हा लक्षात आलं की मी तो हिशोबच मनातल्या मनात करत होते. फिटणारी रक्कम नव्हती ती.

त्या रात्री ओट्यावर पोरं जातीच्या दाखल्यांवर बोलत बसली. हा विषय आमच्यात निघाला की जेवण गार होतं. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीच्या सवलती फक्त हिंदूंना, पुढे १९५६ला शिखांना, १९९०ला बौद्धांना. ख्रिस्ती झालेल्याला नाहीत. गावाने जागा दिली ती जुनीच, वेशीबाहेरची. सरकार म्हणतं, तुम्ही आता त्यातले नाही. म्हणून घरात एक नाव, कागदावर एक. एक पोरगा म्हणाला, 'मी आठवडाभर कागदावरचा आन् रविवारी खरा.' सगळे हसले. फादर हसले नाहीत. मी उठून गोधडी शोधायला गेले, कारण दुसऱ्या दिवशीची चाल मोठी होती आणि या गप्पांना शेवट नसतो.

मोठी चाल म्हणजे काय ते दुपारी कळलं. पहाटे पाऊस पडून गेला होता, दहा वाजता लख्ख ऊन. काळी माती बुटाला धरली की एकेक पाय किलोभर जड होतो; बूट काढून हातात घ्यावे तर खाली बाभळीचे काटे. ओल्या मोज्यात रेती शिरली. बाराच्या सुमारास डाव्या टाचेवर आणि उजव्या अंगठ्याखाली असे दोन फोड टरारून आले, पाण्याने भरलेले, गच्च. बायका पुढे गेल्या. टेम्पोत जागा होती, माइकवाल्याने हात करून बोलावलंही, पण त्या भोंग्याखाली बसण्यापेक्षा मी मागे राहिले. लिंबाखाली एका दगडावर बसले आणि सरळ रडले. आईसाठी नाही, देवासाठी नाही. पायासाठी.

'कुठं चालली माय?'

शेळ्या घेऊन एक म्हातारी उभी होती. नऊवारी वर खोचलेली, गळ्यात तुळशीची माळ, हातात बाभळीची शिरी. मी म्हटलं, हरेगावला. तिने पायाकडे बघितलं, मग तोंडाकडे.

'मतमाऊलीला व्हय. ऊठ. वस्ती हीच.'

उठवत नव्हतं. तिने शिरी टाकली आणि काखेत हात घालून उठवलं. माझ्या निम्मी असेल अंगाने. दोन शेतं ओलांडून पत्र्याचं घर, पुढे कपाशी, दारात बाज. बाजेवर बसवून तिने आधी शेळ्या बांधल्या, मग चूल फुंकली, मग कोमट पाण्यात मूठभर खडेमीठ टाकून घमेलं माझ्या पायाशी ठेवलं. घमेल्याच्या तळाला सिमेंट चिकटलेलं. पाय बुडवले आणि माझ्या तोंडून जो आवाज निघाला त्याला तिची नात खुदकन हसली.

मग ती सुई घेऊन आली. गोधडीची मोठी सुई, तिच्यात पांढरा दोरा, दोऱ्याला तेल-हळद.

'आजी, फोडू नका,' मी म्हटलं. 'मी दवाखान्यात नर्स आहे. फोड फोडायचा नसतो. वरची कातडी आतल्या जखमेला झाकते. फोडला की जंतू जातात.'

'मंग चाल की.'

'म्हणजे?'

'तसंच चालून दाव.'

मी गप्प बसले. तिने सुई चुलीतल्या निखाऱ्यात धरली, लाल होऊ दिली, पदराच्या टोकाला न पुसता हवेतच गार केली. हे तिला कोणी शिकवलं होतं कोण जाणे, पण माझ्या वॉर्डात नव्या मुली याहून वाईट करतात. मग दोऱ्यासकट ती सुई फोडाच्या एका कडेने आत घालून दुसऱ्या कडेने बाहेर काढली. दोरा आतच ठेवला, दोन्हीकडे बोटभर टोकं सोडून. पाणी दोऱ्यावरून थेंब थेंब गळायला लागलं. कातडी जागच्या जागी.

'दोरा उद्या सकाळी काढायचा. आज हात लावायचा नाय.'

'तुम्हाला कसं माहीत हे?'

'नाथांच्या पालखीत जाते ना मी. पैठणातून पंढरपूर. पायाचं मला नको सांगू.'

मग तिचं जे सुरू झालं! दिंडीवाला पैसे मोजून घेतो आणि आमटीत डाळ शोधावी लागते. तंबूत बायकांना कडेची जागा, पाऊस आला की पहिलं पाणी त्यांच्या अंगावर. आणि तो भोंगा! 'आमच्याबी दिंडीत एक हाय. गळा नाय, ताल नाय, पण माइक सोडत नाय. विठ्ठलाचे कान किटले आसतील.' मी माझ्या माइकवाल्याचं सगळं सांगितलं, मेव्हण्याच्या टेम्पोसकट. आम्ही दोघी पोट धरून हसलो. शेळीच्या दुधाचा चहा झाला. पितळीतून प्यायले.

तिच्या सुनेनेही हरेगावला नवस केला होता म्हणे, पोरासाठी. 'झाली ही,' म्हणून तिने नातीकडे बोट केलं. 'मतमाऊलीनं नीट ऐकलं नाय का नीटच ऐकलं, ती जाणे.' नात तोवर माझ्या पिशवीतली माळ काढून गळ्यात घालून बसली होती, क्रूस पाठीवर टाकून. मी काढायला गेले तर म्हातारी म्हणाली, ऱ्हाऊ दे घडीभर, तिला कुठं रोज मिळती. मग नातीलाच विचारलं, 'देशील का माळ बाईला परत?' तिने मान हलवली, नाही म्हणून. शेवटी रबराच्या दोन बांगड्यांवर, आणि त्याही दुसऱ्या दिवशी माझ्या मैत्रिणीच्या पोरीकडून मागून आणून देईन या बोलीवर, सौदा ठरला. बांगड्या मी खरंच पाठवल्या, दूधवाल्याच्या हाती.

निघताना पन्नासाची नोट काढली तर ती रागावली नाही, नुसती माझ्याकडे बघत राहिली, आणि मीच नोट परत ठेवली. संध्याकाळी मुक्कामाला पोचले तेव्हा फादरांनी पाय बघितले, दोरे बघितले आणि विचारलं, हे कोणत्या डॉक्टरचं काम? दुसऱ्या दिवशी दोरे ओढून काढले. फोड कोरडे. वॉर्डात मी मुलींना अजूनही तेच शिकवते, फोड फोडू नका म्हणून. तिथे कोणाला दुसऱ्या दिवशी मैलोन्‌मैल चालायचं नसतं.

घोगरगाव झालं, तिथल्या जुन्या मिशनच्या आवारात जेवण झालं. मग एक गाव, मग आणखी एक. कुठलं आधी आणि कुठलं नंतर ते आता सांगता येत नाही. गोदावरी पुलावरून ओलांडली, पाणी गढूळ आणि भरपूर. पूर्वी अलीकडे निजाम आणि पलीकडे इंग्रज. आजोबा सांगायचे, मिस्सेला नदी ओलांडली की राज्यही बदलायचं. हरेगावची यात्रा १९४९ला सुरू झाली, म्हणजे हैदराबाद संस्थान खालसा झालं त्याच्या पुढच्याच वर्षी. नदीपलीकडे ऊसच ऊस. आमची माणसं ज्या उसाला कंटाळून घरी येतात, त्याच उसातून गाणी म्हणत चाललो होतो.

हरेगावात पाय ठेवायला जागा नव्हती. बंद पडलेल्या साखर कारखान्याच्या बाजूने, उंदिरगावच्या रस्त्याने, सगळीकडून माणूसच माणूस. पाळणे, भेळेच्या गाड्या, मेणबत्त्यांचे ढीग, नारळ. संत तेरेजा चर्चपुढची रांग कुठे सुरू होते तेच दिसेना. धक्काबुक्कीत माझी चप्पल तुटली आणि मी एका अनोळखी माणसाशी खच्चून भांडले. मूर्तीपुढे किती वेळ मिळाला? मेणबत्ती ठेवली, आईचं नाव घेतलं, स्वयंसेवकाने 'चला बाई, चला' म्हणून पुढे काढलं. डोळे भरून आले ते बाहेर आल्यावर, उसाच्या रसाच्या गाडीसमोर, काही कारण नसताना.

तिथेच ती युरियावाली मावशी भेटली. जीपने आली होती, नवी साडी, डोक्यात गजरा, हातात पेढ्याचा पुडा. फादरांना गाठून तिने आधी पेढा तोंडात कोंबला आणि मग म्हणाली, 'फादर, एक काम करा. दसऱ्याच्या आधी एखाद्या ऐतवारी आमचा नाताळ करून टाका. पोरं हायेत तवर. तारा लावू, केक आणू.'

'तसं नसते, मावशी. नाताळ पंचवीस डिसेंबरलाच असते.'

'पंचवीसला आमी फडात. तवा येतो का तुमी फडात?'

फादरांनी खिशातून डायरी काढली. बराच वेळ पानं उलटत होते. धर्मग्रामाची, म्हणजे मोठ्या चर्चची, मुख्य मिस्सा, सिस्टरांच्या शाळेचा कार्यक्रम, मग आणखी दोन गावं.

'चोवीसच्या दुपारी येतो,' ते म्हणाले. 'कोणत्या कारखान्याला जाणार?'

'ते मुकादम ठरवील.'

'मग मुकादमचा नंबर द्या.'

'माझ्याकडं कुठं? चर्चच्या दारामागं लिवलाय की,' मावशी म्हणाली आणि कमरेची पिशवी चाचपली. 'आन् किल्ली म्या जावंकडं ठिवून आले. तिला शेरडं बांधायची व्हती, पाऊस आला तर.'