आमची वाटचाल : हरवलेली अठ्ठावीस मिनिटे

जळगावात आमच्या ध्वनिमुद्रण व्यवसायाची सुरुवात रिक्षावर वाजणाऱ्या जाहिरातींनी झाली. साड्यांचा सेल, क्लासचे प्रवेश, निवडणुकीतील उमेदवारांचे आवाहन, असे सर्व काही भर बाजारातील गोंगाटात शब्दन्‌शब्द ऐकू जावे, एवढेच आमचे कसब होते. भिंतींना गोधड्या टांगलेल्या त्याच खोलीत पुढे आम्ही विनोदी विज्ञानकथेची श्राव्यमालिका केली आणि आज लोक आम्हाला तिच्याच नावाने ओळखतात.

मालिकेचा पाया मात्र सोळा आणे खरा आहे. १ जानेवारी १९०६ रोजी लागू झालेली भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर आधारलेली असून जळगाव सुमारे ७५.५ अंशांवर आहे. एका अंशाला चार मिनिटे या हिशेबाने आमच्याकडचा सूर्य घड्याळापेक्षा अठ्ठावीस मिनिटे मागे चालतो. ही मिनिटे गेली कुठे, याची चौकशी करण्यासाठी एक परग्रहवासी कारकून भुसावळ जंक्शनवर उतरतो, तेव्हा त्याला कळते की त्याच १९०६ साली खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले आणि त्या वाटणीत संबंधित फाइल जळगाव व धुळे यांच्यामध्ये गहाळ झाली. कारकून शुद्ध कार्यालयीन मराठी बोलतो, गावकरी अहिराणी बोलतात आणि निम्मा विनोद तिथेच होतो. त्याच्या पावलांचा आवाज म्हणजे भाजलेली वांगी भरितासाठी लाकडी भांड्यात ठेचण्याचा आवाज आहे. माइक भांड्याच्या अगदी काठाशी धरला की तो ओला, जड धपका हुबेहूब परका वाटतो. (त्या दिवशीचे भरित कलाकारांच्या मानधनात धरलेले नाही.)

बातमीपत्राच्या थाटात मंगळवासीयांची स्वारी ऐकवणारे ऑर्सन वेल्स यांचे ३० ऑक्टोबर १९३८ चे नभोनाट्य आमच्या डोळ्यांसमोर होते. त्यातून उडालेल्या घबराटीची वर्णने वृत्तपत्रांनी बरीच फुगवली, असे अभ्यासक सांगतात. तरीही घाबरवून मिळवलेला श्रोता आम्हाला नको होता, म्हणून प्रत्येक भागाच्या आरंभी कथा काल्पनिक असल्याचे आम्ही स्पष्ट सांगतो. मात्र कथेतील ‘वेळ परतावा कक्षा’चा दूरध्वनी क्रमांक म्हणून आम्ही आमच्याच कार्यालयाचा क्रमांक दिला आणि खरोखरीचे अर्जदार फोन करू लागले. एका शेतकरीदादांनी गंभीरपणे विचारले, “आम्हना टाईम कव्हय भेटी?” आणि शेतीपंपाची वीज रात्रीच येत असल्याने मिनिटे शक्यतो दिवसाची द्यावीत, अशी पुस्तीही जोडली. त्यांच्या परवानगीने तो संवाद पुढच्या भागात जसाच्या तसा गेला. तेव्हापासून अर्जदारांचे फोन हा मालिकेचा कणा झाला असून त्यांतील खरा कोणता आणि लिहिलेला कोणता, हे आम्ही जाहीर करत नाही.

जाहिरातदारांना पटायला वेळ लागला. आता दुकानदार स्वतःच सांगतात की आमची जाहिरात त्या कारकुनाच्या आवाजात, त्रुटी काढत वाचा. रिक्षांचे काम अजूनही चालू आहे, कारण महिन्याचे भाडे त्यातूनच निघते.

सध्या नव्या पर्वाचे लेखन सुरू आहे. १९९८ साली धुळे जिल्ह्यातून नंदुरबार वेगळा झाल्यामुळे ती फाइल शोधायला कारकुनाला आता तिसरे कार्यालय मिळाले आहे.