अननसाची चकती दिसली की उठायचं

परवा दुपारी ऑफिसजवळ 'हवाईयन प्लेट लंच' (भात, मॅकरोनीचं म्हणजे मॅक सॅलड आणि चिकन-पोर्क असं एका ताटातलं हवाईचं जेवण) असा बोर्ड दिसला म्हणून घुसले, आणि बघते तर चिकनवर अननसाची चकती! ती बाजूला सारली तर मॅक सॅलडमध्ये सिमला मिरची, मक्याचे दाणे, आणि मॅकरोनी अशी टणक की काट्याला अडकेना. अहो, ती पार मऊ गिच्च शिजलेली हवी, मेयोनीजमध्ये बुडालेली, आणि वर कौतुक म्हणून थोडं किसलेलं गाजर, बास. लोक डुकराच्या मटणावरून दुकानं पारखतात, मी मॅक सॅलडवरून पारखते. ज्याला ते सुधारावंसं वाटलं त्याच्या हातचं बाकीचं काय खायचं?

होनोलुलूत शिकायला होते तेव्हा कापाहुलूवरचं रेनबो ड्राइव्ह-इन, 1961 पासूनचं, आमचं ठरलेलं ठिकाण. दोन स्कूप चिकट भात, एक स्कूप मॅक सॅलड, आणि 'ग्रेव्ही ऑल ओव्हर' म्हणायचं, की सगळ्यावर तपकिरी ग्रेव्ही ओतून मिळायची. दिसायला भयंकर. आणि याला ऑथेंटिक तरी कसं म्हणायचं, त्यात जपानी कात्सु (चुरा लावून तळलेलं चिकन), कोरियन काल्बी (भाजलेल्या बरगड्या), अमेरिकन मेयोनीज, सगळंच बाहेरून आलेलं. उसाच्या मळ्यांवरचे मजूर दोन पुडाचा डबा न्यायचे, काउकाउ टिन म्हणतात त्याला, खाली भात आणि वर जे असेल ते, आणि दुपारी जपानी, चिनी, फिलिपिनो, पोर्तुगीज एकमेकांच्या डब्यात हात घालायचे. प्लेट लंच तिथूनच आला म्हणतात.

लाउलाउची गोष्ट मात्र वेगळी. पोर्क आणि खारवलेला मासा अळूच्या पानात गुंडाळायचा, वरून टी नावाच्या झाडाचं पान, आणि तासन्‌तास वाफवायचं. पहिल्यांदा ते बाहेरचं पान सोडलं आणि आतून जो हिरवा वास आला ना, थेट सांगलीचं स्वयंपाकघर. आई अळूच्या शिरा काढत बसलेली, शेजारी चिंचेचा कोळ, आणि बाबा पहिली वडी तोंडात टाकून घसा खाकरून दाखवणार, मुद्दाम. आई म्हणायची, "खाजरं तुमचं तोंड आहे, अळू नाही." इकडे मेनलँडवर, म्हणजे मुख्य अमेरिकेत, बरेच जण पालक घालून भागवतात. का बाबांनो? इंडियन स्टोअरमध्ये अळू मिळतो की! फक्त वाफ कमी पडली की घसा धरणारच, मग होनोलुलूचं ओआहू बेट असो नाहीतर सांगली.

तर खरं जेवण हवं असेल तर लॉस एंजेलिसजवळच्या गार्डिना-टॉरन्सकडे जावं, नाहीतर सरळ लास व्हेगासला. हवाईचे लोक व्हेगासला नववं बेट म्हणतात. डाउनटाउनमधलं कॅलिफोर्निया हॉटेल 1975 साली उघडलं आणि मालकाने हवाईचंच गिऱ्हाईक धरलं, त्यांच्यासाठी भात आणि सायमिन (हवाईचं नूडल सूप) ठेवलं. तिथे रांगेत दोन अनोळखी आंटी एकमेकींना "कुठली हायस्कूल?" असं विचारत असतील, हवाईचे लोक ओळख काढतात ती अशीच, तर खुशाल थांबा, प्लेट चांगलीच असणार. अननसाची चकती तिथे शोधूनही सापडायची नाही.

पण वाळवंटात इतकं चांगलं लाउलाउ मिळतं कारण ते करणारी आणि खाणारी माणसं तिथे येऊन राहिलीत. 2020 च्या जनगणनेत मूळ हवाईयन लोकांपैकी निम्म्याहून जास्त बेटांबाहेर राहणारे निघाले. स्वतःच्या गावात घर परवडत नाही म्हणून.