चौथ्या बोयाचं दुखणं गेटपाशी

वॉटर स्कीच्या स्लॅलममध्ये, म्हणजे बोटीमागे दोर धरून सहा बोयांना (पाण्यातल्या तरंगत्या खुणांना) वळसे घालण्यात, गेले सहा आठवडे ताशी 52 किमीच्या वेगाला, 18.25 मीटरच्या दोरावर अडकलोय. 49 ला सहाही बोये निवांत होतात. तीनच किलोमीटर वाढवले की चौथ्या बोयाला घोटाळा. वहीतले आकडे, म्हणजे फेरीगणिक जमलेले बोये: 3½, 4, 3, 4, 2½, 4.

दोन बोयांमधलं 41 मीटरचं अंतर बोट 49 ला तीन सेकंदांत कापते, 52 ला 2.84 सेकंदांत. फरक सेकंदाच्या सहाव्या हिश्शाएवढा. एवढ्याने काय बिघडतं, असं मलाही वाटायचं.

2, 4, 6 हे बोये एका बाजूला येतात, आणि ती माझी कच्ची बाजू. त्यामुळे दोष वळणाचाच, हे मी ठरवूनच टाकलं होतं. त्यापायी स्कीखालच्या फिनशीही (छोट्या पात्याशी) खेळून झालं. पुढे सरकवली, मागे आणली, पाच थाउ (इंचाचा हजारावा भाग म्हणजे एक थाउ) खोल केली. प्रत्येक बदलानंतर पहिल्या फेरीत स्की लोण्यासारखी वळते आणि तिसऱ्या फेरीत आपण मूळपदावर. शेवटी मूळ मापं लावून कॅलिपर डब्यात टाकला.

मग बोटीतून काढलेले व्हिडिओ उलटे पाहिले, म्हणजे पडण्यापासून मागे मागे. चौथ्याला पडलो, कारण दोरात झोल. झोल का, तर बोयाशी फार वेगात पोचलो. वेग का, तर वेक (बोटीमागची लाट) ओलांडल्यावरही ओढतच राहिलो. तसं का, तर तिसऱ्याहून उशिरा निघालो होतो आणि भरपाई करायची होती. असं करत करत दुसरा, पहिला आणि शेवटी गेट, म्हणजे पहिल्या बोयाआधीचं प्रवेशद्वार. तिथेच मी अरुंद होतो! बोटीपासून पुरेसा बाहेर न जाताच आत वळत होतो, त्यामुळे मध्यरेषेपासून पहिल्या बोयाच्या 11.5 मीटर रुंदीला पोचायला शेवटपर्यंत ओढावं लागायचं. 49 ला हे कर्ज कसंबसं फिटतं. 52 ला चौथ्या बोयापर्यंत व्याज डोक्यावर बसतं.

म्हणून दोन आठवडे फक्त गेट. गेट, पहिला बोया, मग हँडल सोडून पाण्यात. चालवणाऱ्याला कंटाळा आला, पण बिचारा बोलला नाही. बदल दोनच केले. एक, डावीकडे बाहेर पडायला आधी सुरुवात करतो आणि जास्त रुंद जातो, म्हणजे वर तरंगत थांबायला, बोटीच्या वेगाशी जुळवून घ्यायला क्षणभर मिळतो. दुसरा, आत वळताना घाई नाही. पूर्वी एकदम स्कीची कड पाण्यात रोवायचो, बूड मागे जायचं आणि बोट मला पुढे खेचायची. आता आधी स्की वळू द्यायची, मग कंबर हँडलकडे, कोपरं जॅकेटला चिकटलेली, आणि सगळा जोर बोटीच्या मागे पोचेपर्यंत. त्यानंतर ओढायचं नाही. हे शेवटचं वाक्य लिहायला सोपं आहे. वेक ओलांडल्यावर हात आपोआप आवळले जातात.

यासाठी घरी दोराचा तुकडा खांबाला बांधून रोज दहा मिनिटं टेकून उभं राहिलो. खांदे मागे आणि कंबर पुढे यातला फरक पाण्यात कळत नाही, जमिनीवर लगेच कळतो.

मध्ये 46 ला उतरून एक तास घालवला. अहंकाराला लागतं, पण त्या वेगाला विचार करायला वेळ असतो. हँडल मध्यरेषेनंतरही कमरेजवळ धरून ठेवलं की कड आपोआप बदलते आणि स्की बाहेर जात राहते. लगेच हात लांब केला की शरीर बोटीकडे ओढलं जातं, रुंदी जाते. छोट्या दोरावरच्या लोकांना हे कसं जमतं याचं आता जास्त आश्चर्य वाटतं. 11.25 मीटर आणि त्याहून कमी लांबीला दोर मध्यरेषेपासून बोयाच्या अंतरापेक्षाही आखूड, म्हणजे उरलेलं अंतर स्वतःच्या अंगाने भरायचं. अमेरिकन स्कीपटू नेट स्मिथने 2013 मध्ये 9.5 मीटरवर 2½ बोये घेतले होते!

आता 52 चे ताजे आकडे: 4, 5, 4½, 5, 6, 3. तो 6 आला तेव्हा वारा अजिबात नव्हता, हेही नोंदवून ठेवतो. 3 च्या फेरीत गेटला पुन्हा अरुंद होतो, व्हिडिओत स्वच्छ दिसतंय.

कच्ची बाजू अजून कच्चीच आहे. चौथ्याला बाहेरचा हात लवकर सुटतो आणि आतला खांदा पाण्याकडे पडतो. पुढच्या दोन आठवड्यांत बाहेरचा हात कड बदलून होईपर्यंत हँडलवरच ठेवून पाहणार आहे. 52 ला सलग तीन फेऱ्या पूर्ण होईपर्यंत दोराच्या 16 मीटरच्या लूपला, म्हणजे पुढच्या आखूड लांबीला, हात लावायचा नाही, असं ठरवलंय. फिनलाही नाही.